आक्का, मी एकटीनं रस्ता ओलांडला

आक्का, आधी बातमी सांगते, बाकी सगळं नंतर. आज सकाळी मी लालबागचा रस्ता एकटीनं ओलांडला. आपल्या इमारतीसमोरचा, पुलाखालचा, तोच. जाताना एकदा आणि येताना एकदा. कोणा अनोळखी बाईच्या मागोमाग घुसले नाही, कॉलेजच्या पोरांच्या घोळक्यात लपले नाही. हातात पिशवी, पिशवीत बांगडे, आणि मी आपली इकडून तिकडे, तिकडून इकडे. घरी आल्यापासून नुसत्या फेऱ्या मारतेय, एका जागी बसवत नाही. हे सांगायला हक्काचं माणूस एकच होतं आणि ते चौदा दिवसांपूर्वी निघून गेलं.

लोक म्हणतील, बासष्ट वर्षांची बाई रस्ता ओलांडला म्हणून एवढी काय नाचतेय. त्यांना तुम्ही माहीत नाही. म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण म्हणून माहीत असाल, पण रस्त्यावरच्या तुम्ही फक्त मला माहीत. तुम्ही कुठे नोकरी केलीत, कोणाकोणाची लग्नं जमवलीत, कोणाची आजारपणं काढलीत, ते तेराव्याला आलेल्या मंडळींनी एकमेकांना सांगून झालंय. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुमच्या हाताबद्दल बोलायचंय.

मी लग्न होऊन गावाहून आले तेव्हा एसटी ही एकच मोठी गाडी ओळखत होते, आणि ती दिवसातून दोनदा येऊन आपण होऊन थांबायची. लालबागला काहीच आपण होऊन थांबत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तुमच्याबरोबर बाजारात निघाले आणि रस्त्याच्या मधोमध माझे पाय गोठले. एक लॉरी इतकी जवळून गेली की तिच्या आरशानं माझा पदर ओढला. तुम्ही मागे वळून आलात, मला फरफटत पलीकडे नेलंत आणि दम खाऊन म्हणालात, "यापुढे हात नको, मनगट दी. हात घामान सुटता." झालं. ते मनगट मी तुम्हाला दिलं ते चाळीस वर्षं परत घेतलं नाही. भाजीला, दादरला साड्या बघायला, गिरगावात मामेसासूबाईंकडे, डॉक्टरकडे. मधे मीनल झाली, शिकली, परदेशी गेली, तुमचे भाऊ गेले, माझे केस पांढरे झाले, पण रस्त्याच्या कडेला आले की मी नवी नवरीच.

तुमची एक खोड होती. अर्धा रस्ता झाला, दुभाजक आला की तुम्ही उजवं मनगट सोडायचात, मागून वळसा घालून माझ्या डावीकडे यायचात आणि डावं मनगट धरायचात. प्रत्येक वेळी. मला वाटायचं, तुमचा स्वभावच चुळबुळ्या. एकदा तर मी म्हटलंसुद्धा, आक्का, फुगडी घालायची असेल तर अंगणात घालू, रस्त्यात नको. तुम्ही हसलात आणि पुढे ओढलंत.

मग दोन वर्षांपूर्वी मीनलनं आपल्या दोघींना स्वित्झर्लंडला बोलावलं. तळ्याकाठचं छोटं गाव, गायींच्या घंटा, खिडकीखाली रस्ता. डोंगर बघून लोक वेडे होतात म्हणे. आपण वेड्या झालो त्या रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यांनी. सिग्नल नाही, पोलीस नाही, शिट्टी नाही, नुसते हळद सांडल्यासारखे पिवळे पट्टे. पहिल्या दिवशी मीनल कामावर गेल्यावर आपण दूध आणायला निघालो. दोघींनी सवयीनं उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा, उतरलो. तिथे गाड्या डावीकडून येतात हे कोणाच्या लक्षात होतं? डावीकडून आलेली गाडी आपल्यापासून चार हातांवर थांबली. आत एक पांढऱ्या केसांची बाई. तुम्ही पदर खोचून भांडायच्या पवित्र्यात तिच्याकडे निघालात, तर तिनंच काच खाली केली, छातीवर हात ठेवला आणि मान लववून काहीतरी म्हणाली. भाषा कळली नाही तरी माफी कळली. त्या दिवशी तुम्ही जेवताना तीनदा म्हणालात, चूक आपली आणि माफी मागते ती, हा काय प्रकार आहे.

आणि किल्लीचा दिवस आठवतो? मीनलच्या घराची किल्ली तुमच्याकडे की माझ्याकडे यावरून आपलं जुंपलं होतं, आणि जुंपलं होतं ते नेमकं पिवळ्या पट्ट्यांच्या कडेला उभं राहून. तुम्ही माझी पर्स उलटीपालटी करताय, मी तुमची पिशवी. मान वर करून बघते तर दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. एक बसही थांबलेली. एकही हॉर्न नाही. तुम्ही म्हणालात, "पुढे काय झाला गो? मोर्चो आसा काय?" मग आपण दोघी टाचा उंचावून मोर्चा शोधायला लागलो. शेवटी बसवाल्यानं दोन्ही हातांनी आपल्याला, आधी तुम्ही चला, अशी खूण केली तेव्हा कळलं की मोर्चा म्हणजे आपणच. पट्ट्यांपाशी उभं राहिलेला माणूस पलीकडे जाणार, असं तिथे गृहीत धरतात. पट्ट्यांपाशी उभं राहून भांडण मिटवणारी माणसं त्यांनी कधी पाहिलेली नसावीत. तुम्ही त्या प्रत्येक गाडीला नमस्कार करत पलीकडे गेलात, मी तोंड लपवत.

तिथेच मला ती गोष्ट कळली जी मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, मनगट धरून उतरता उतरता तुम्ही एकदम थबकलात. स्वतःवरच चिडून म्हणालात, "मी खंय उभी ऱ्हवलंय? गाडी आधी तुझ्या अंगावर येतली." आणि गरकन माझ्या दुसऱ्या बाजूला आलात. आक्का, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या बाजूनं गाडी येणार त्या बाजूला तुम्ही. अर्ध्यात गाड्यांची बाजू बदलली की तुम्हीही बदलणार. चाळीस वर्षं गाडीच्या आणि माझ्या मधे तुम्ही उभ्या होतात आणि मी त्याला फुगडी म्हणत होते. मला तिथल्या तिथे तुमच्या गळ्यात पडायचं होतं. पण मी म्हटलं काय, तर चला, दुकान बंद होईल. आपल्या घरात कोणी कोणाच्या गळ्यात पडत नाही, त्यातून भावजय नणंदेच्या तर नाहीच. आज पडते. उशीर झालाय, पण पडते.

नवव्या दिवशी तुमचा गुडघा सुजला आणि दूध संपलं. तुम्ही म्हणालात, जा की, तुला खाणार आहे का कोणी. मी खाली उतरले. पट्ट्यांपाशी उभी राहिले. मीनलनं सांगितलं होतं, तिथे शाळेतल्या मुलांना पोलीस येऊन शिकवतात की गाडीची चाकं पुरती थांबल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मी चाकांकडे बघत राहिले. चाकं थांबली. मी निघाले. आक्का, मी पोहोचले. दूध राहिलं बाजूला, मी तशीच मागे फिरले. परत गाडी थांबली. परत गेले. मग मात्र दूध घेतलं आणि चौथ्यांदा ओलांडून घरी आले. तुम्ही वरून गॅलरीतून बघत होतात आणि पोट धरून हसत होतात. एवढा आनंद मला मीनलच्या बारावीच्या निकालालासुद्धा झाला नव्हता.

तिथे सगळेच देव नव्हते, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला खोटारडी म्हणाल. एक तरुण फोनवर बोलत आपल्या नाकासमोरून सुसाट गेला होता. मी घाबरले, आणि तुम्ही किती खूश झालात. म्हणालात, आपल्या गावचो दिसता.

भांडण झालं ते परत आल्यावर. तुमचं म्हणणं, तिथे ओलांडलास तर इथेही ओलांडशील. माझं म्हणणं, तिथे ड्रायव्हर वेगळे. तुम्ही म्हणायचात की माणूस सगळीकडे सारखाच, तिथे त्याला सवय लावली, इथे कोणी लावली नाही, तेव्हा आपण लावू. आणि नुसतं बोलून थांबला नाहीत, दुसऱ्याच दिवसापासून सुरू. रोज सकाळी आठला, पुसट झालेल्या पट्ट्यांपाशी, एका हातात माझं मनगट आणि दुसरा हात वर. धावायचं नाही, दोन गाड्यांच्या फटीतून सटकायचं नाही. गाडी थांबेपर्यंत उभं राहायचं. दहा दहा मिनिटं. येणारे जाणारे बघायचे. तळमजल्यावरचे शिंपी विचारायचे, कोणी मंत्री येणार आहेत का. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कधीतरी एखादी गाडी थांबायची, तुम्ही तिला मान लववायचात, आणि मागच्या गाड्या तिला शिव्या घालायच्या.

मे महिन्यात एकदा उन्हात उभं राहून माझं डोकं फिरलं. मी रस्त्यातच तुमच्यावर ओरडले. "इथं आपण कोणाला दिसतसुद्धा नाही, आक्का. मेलो तरी दिसणार नाही. पुरे झाला तुमचा तमाशा." तुम्ही वर केलेला हात खाली घेतला नाही. फक्त म्हणालात, "दिसता गो. रोज त्याच जाग्यार उभी ऱ्हव, म्हणजे दिसता." त्यानंतर आठवडाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही, मनगट मात्र रोज देत होते. मग बोलायला लागले, पण तो विषय दोघींनीही काढला नाही. मला वाटलं, काढू कधीतरी. आणि चौदा दिवसांपूर्वी दुपारचा चहा व्हायचा होता, मी आधण ठेवून हाक मारली, तर तुम्ही खुर्चीतच. चाळीस वर्षं या रस्त्यावर तुम्हाला साधं खरचटलंसुद्धा नाही. गेलात त्या घरात, पंख्याखाली, शांतपणे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी देवाशी भांडत नाही.

मीनल दुसऱ्या दिवशी आली. पोरीनं सगळं नीट केलं, तुम्ही असता तर चार चुका काढून मग कौतुक केलं असतंत. पण तेरावं झालं आणि तिनं विषय काढला. रविवारी तिचं विमान आहे आणि तिला माझंही तिकीट काढायचं होतं. कायमचं. ती म्हणाली, दूध, औषधं, डॉक्टर, बाजार, सगळं रस्त्यापलीकडे. आत्या होती म्हणून तुझं चाललं. आता तू काय खिडकीत बसून राहणार? ती खोटं बोलत नव्हती. पण आक्का, मला नाही जायचं. तिथे गाड्या थांबतात हे खरं, पण त्या गाडीतून उतरून कोणी विचारत नाही की आज जेवायला काय केलंस. इथे शिंप्यांच्या दुकानापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढेस्तोवर मला पाच जण हाक मारतात. हे सोडायचं, का, तर एक रस्ता ओलांडता येत नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

आज चौदावा दिवस. सुतकातली अळणी चूल पुन्हा तिखटामासळीवर आणायची, पहिलं ताट तुमच्या नावानं वाढायचं, आणि तुमच्या ताटात बांगडा नसेल तर तुम्ही वरून पळी फेकून माराल. मीनल म्हणाली, मी फोनवरून मागवते. मी म्हटलं, फोनला बांगड्याचे कल्ले उघडून बघता येतात का? ती आंघोळीला गेली आणि मी पिशवी उचलून खाली.

आठ वाजले होते. पट्ट्यांपाशी उभी राहिले. हात वर केला, तुमच्यासारखा, खांद्याच्या उंचीला, पंजा गाड्यांकडे. टॅक्सी गेली. टँकर गेला. एक बाई स्कूटरवरून गेली, तिनं तर माझ्याकडे बघून मान हलवली आणि मग गेली. दंड भरून आला.  मी ड्रायव्हरांच्या तोंडाकडे बघायचं सोडलं आणि चाकांकडे बघायला लागले. एक बस हळू झाली. चाकं अजून फिरत होती, मी हलले नाही. चाकं थांबली. मी उतरले. बसच्या कडेला येऊन आधी डोकावले, कारण थांबलेल्या गाडीच्या आडून मोटरसायकल येते हे तुम्ही मला हजारदा सांगितलंय, आणि आलीच. ती गेली. मी चालत राहिले. धावले नाही, आक्का. एक पाऊलसुद्धा धावले नाही.

दुभाजकावर पोहोचले आणि थांबले. का थांबले ते क्षणभर कळलंच नाही. मग बघितलं तर माझं डावं मनगट आपोआप पुढे झालं होतं. तुम्ही वळसा घालून यायची वाट बघत होते मी. गाड्या दोन्हीकडून जात होत्या आणि मी तिथे तशीच. शेवटी त्या मनगटात पिशवी अडकवली आणि पुढचा अर्धा रस्ता ओलांडला.

पलीकडे गेल्यावर माझ्या अंगात काय संचारलं होतं सांगू. कोळणीला म्हटलं, मी एकटी आले रस्ता ओलांडून. ती म्हणाली, मग काय विमानानं येणार होतीस, मी तर डोक्यावर पाटी घेऊन ओलांडते. मला राग आला नाही. मी सहाच्या ऐवजी आठ बांगडे घेतले.

घरी आले तर दारात मीनल, केसांना टॉवेल, तोंड लाल. कशी गेलीस, विचारते. म्हटलं, चालत. तिनं आधी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली बसून आधी रडली आणि नंतर हसायला लागली. अगदी तुमच्यासारखी, पोट धरून. उद्या ती माझ्याबरोबर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आहे, बाजूला उभी राहून, हात न लावता. पण तिकीट एकाचंच ठेवलंय. रोज बाजारातून परत आले की तिला फोन करायचा, एवढ्या बोलीवर मी राहिले, आक्का. मी इथेच राहणार.

येतानाचं मात्र मी तिला सांगितलं नाही. ते तुमचं आहे.

परतताना पलीकडच्या पट्ट्यांपाशी हात वर केला तर फार वेळ उभं राहावं लागलं नाही. एक टेम्पो लांबूनच हळू होत आला आणि थांबला. चाकं बघितली, उतरले, त्याच्या समोर आले. ड्रायव्हर पन्नाशीचा असेल, गळ्यात गमछा. मी मान लववली, तुम्ही लववायचात तशी. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "मावशी, आज एकट्याच? मोठ्या मावशी कुठायत?"

मी त्याला ओळखत नव्हते. कधी बघितल्याचंही आठवत नव्हतं. तेरा दिवस घरात माणसांची रीघ होती, पण येणारा प्रत्येक जण कळल्यामुळेच आलेला. मीनलला फोनसुद्धा शेजाऱ्यांनीच केला, मला स्वतःच्या तोंडानं कोणाला सांगावं लागलंच नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते तिथे, रस्त्याच्या मधोमध, पिशवी हातात घेऊन. म्हटलं, "वारल्या. आज चौदावा दिवस."

 मागे हॉर्न सुरू झाले होते, कोणीतरी ओरडत होतं. त्यानं चावी फिरवली आणि टेम्पो बंद केला. मी तिथेच उभी राहून रडले, आक्का, चौदा दिवसांत रडले नव्हते तेवढी. मग डोळे पुसले आणि निघाले. मी दुभाजक पार करून, उरलेला रस्ता ओलांडून, आपल्या फुटपाथावर चढेपर्यंत त्यानं गाडी सुरू केली नाही.